शिक्क्यावरचा नंबर

मी आणि आई नान भाजून विकतो. प्रत्येक नानवर मधोमध शिक्का असतो. खिळ्यांची नक्षी आणि भोवती आमचा फोन नंबर. तो उठवायचा लाकडी ठसा फुटला म्हणून नवा करून घ्यायला मी कोकंदच्या बाजारात गेले, तर नेहमीच्या म्हाताऱ्या कारागिराच्या जागी त्याचा पुतण्या सरवर बसलेला. मी नंबर लिहून दिला. तो माझ्याकडेच बघत राहिला.

"नंबर कागदावर आहे," मी म्हटलं.

"हो... वाचतोय."

नव्या शिक्क्याचे नान विकू लागलो, तर तीन दिवस एकही फोन नाही. चौथ्या दिवशी सरवरच दारात.

"एका बाईंचा फोन होता. लग्नासाठी साठ नान हवेत. तीळ जास्त घाला म्हणाल्या."

पठ्ठ्याने शिक्क्यावर स्वतःचा नंबर ठोकला होता!

"ठशासाठी आकडे उलटे ठोकता येतात, आणि कागदावरचा नंबर बघता येत नाही?" आई कडाडली.

"चुकलं, काकू. बदलून देतो."

बदलून द्यायला त्याला तीन महिने लागले. रोज संध्याकाळी ऑर्डरी सांगायला यायचा.

"आज किती फोन?" मी विचारायची.

"एकच. पण उद्या परत यावं लागेल... अर्धा निरोप विसरलोय."

आई करवादायची आणि त्याच्यापुढे वाटीभर जर्दाळू ठेवायची. मला तो आवडला होता. त्यात आडपडदा कशाला?

मग एक दिवस तो नवा शिक्का घेऊन आला. या वेळी नंबर आमचाच होता.

"गुरुवारी कोरियाला निघालोय. तीन वर्षांचं काम आहे."

डोळे भरले, ते मी तंदूरच्या धुरावर ढकललं. त्याने काहीच विचारलं नव्हतं. मग तीन वर्षं वाट बघायची ती कशाच्या जोरावर?

आमच्याकडे दूर जाणारा निघताना नानचा एक घास खातो. उरलेला नान त्याच्या घरच्या भिंतीवर टांगतात, परत येऊन त्यानेच संपवायचा. गुरुवारी सकाळी सरवर बॅग घेऊन तंदूरपाशी आला, एक गरम नान मागितला, घास खाल्ला आणि उरलेला माझ्यापुढे धरला.

"अहो, हा तुमच्या घरी टांगायचा!"

"तिथे एक टांगूनच आलोय. हा इथे... चालेल? आणि तो नंबर... चुकून नव्हता."

"ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं," आई म्हणाली.

"चालेल," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

"मग उभी काय राहिलीस?" आई ओरडली. "खिळा आण!"

खिळा त्याने खिशातूनच आणला होता.