खोटा उल्कावीर

‘उल्कावीर’ मालिकेच्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग बघायला शेलारकाकूंनी कोल्हापुरातली आपली अख्खी सोसायटी रेवतीच्या दिवाणखान्यात गोळा केली होती. लोणारच्या उल्केतून शक्ती मिळालेला हा वीर वर्षभर घरोघरच्या टीव्हीवर दुष्टांना लोळवत होता आणि तो साकारणारा देवदत्त म्हणजे रेवतीचा नवरा. एवढा मोठा नट शेजारी असताना मालिका आपल्या घरी बघणं म्हणजे पंगत सोडून डबा खाणं, असं काकूंचं म्हणणं. त्यांनी देवदत्तला पाटावर बसवून ओवाळलंसुद्धा. हौसेला मोल नसतं.

देवदत्त खुशीत होता. या पर्वात उल्कावीराचा दुष्ट जुळा येणार होता. मुलांनी जाहिरात बघूनच त्याला ‘खोटा उल्कावीर’ असं नाव ठेवलं होतं आणि त्याच्यासाठी देवदत्तला काडीचंही काम करावं लागलं नव्हतं.

“तो मी नाहीच. तो माझा प्रतिनट,” तो सगळ्यांना सांगत होता. “शूटिंगला चेहऱ्यावर, गळ्यावर, हातांवर संवेदक टिकल्या चिकटवतात. माझी प्रत्येक हालचाल, आवाज त्या टिपून घेतात आणि तेवढ्यावरून संगणक दुसरा देवदत्त उभा करतो. मी घरी झोपलोय आणि तो तिकडे राबतोय!”

“टिकल्या काढताना दुखतं का हो काका?” काकूंच्या नातवाने, ओजसने विचारलं.

“सालटं निघतं रे. म्हणून सकाळी लावल्या की पॅकअपलाच काढायच्या. जेवण, फोन, सगळं टिकल्यांसकट.”

चिवड्याच्या बशा फिरवताना रेवतीही हसली. चार माणसं घरात असली की देवदत्तसारखा गोड माणूस शोधून सापडला नसता. तिला पाहुणे आवडायचे ते त्यासाठीच. ते निघायची भाषा करू लागले की ती पुन्हा चहा टाकायची. सात वर्षांची लेक मुक्ता भिंतीला टेकून गप्प बसली होती. ती नेहमीच गप्प असायची आणि लोक तिला गुणाची म्हणायचे.

भाग सुरू झाला. उल्कावीराने तुटत्या रोपवेतून प्रवासी वाचवले, टाळ्या पडल्या. मग खोटा उल्कावीर आला. तो ओरडला नाही की गरजला नाही. म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या खोलीत शिरून त्याने दार हळूच लोटलं, कडी घातली आणि शर्टाच्या बाह्या सावकाश दुमडल्या.

“ऐकू आलं नाही का तुला?” तो मऊ आवाजात म्हणाला. “की परत सांगू?”

रेवतीच्या हातातली बशी तशीच राहिली. हे वाक्य कुठल्या लेखकाने लिहिलेलं नव्हतं. ते या घरातलं होतं, बंद दारामागचं. मुक्ताने पडद्याकडे पाठ फिरवून दोन्ही कान झाकून घेतले.

“आजी, मला याची भीती वाटते,” ओजस काकूंच्या कुशीत शिरला.

“बाई गं, काय मेला थंड बोलतो!” काकू पुटपुटल्या. “ओरडला असता तर परवडलं असतं.”

मुक्ताने कानांवरचे हात काढले आणि त्या दोघांकडे नवलाने पाहिलं.

देवदत्त मात्र पडद्याकडे बघत नव्हता, रेवतीकडे बघत होता. चेहऱ्यावरचं हसू न मोडता तो तिच्याकडे झुकला. “तू काही बोललीस का शूटिंगवाल्यांना?”

“नाही हो. देवाशप्पथ.”

ती खरंच कुणाला बोलली नव्हती, आईलासुद्धा नाही. मुक्तालाही ती ‘बाबा दमलेले असतात’ एवढंच सांगायची. मग यंत्राला कसं कळलं? तिला घरातल्या दिव्यांची, पंख्याची, सगळ्याचीच भीती वाटू लागली.

भाग संपला आणि दिग्दर्शक सरनोबतांचा फोन आला. काकूंनी ‘स्पीकरवर घ्या, स्पीकरवर’ असा घोशाच लावला. एवढ्या लोकांत नाही म्हणणं देवदत्तला शोभलं नसतं.

“देवदत्त, लोक हादरलेत!”

“प्रतिनटाने कमाल केली, सर.”

“कसला प्रतिनट? त्याला दुष्टपणा जमेचना! नुसता हा-हा करून हसायचा. शेवटी आमच्या पोरांनी दोन शॉटच्या मधल्या वेळातलं चित्रण उघडलं. टिकल्यांना ‘कट’ कुठे कळतं? मेकअपवाल्याशी तुझं बोलणं, व्हॅनमधून घरी केलेले फोन, सगळं होतं. नुसती खोली बदलली आणि समोर म्हातारा बसवला. खोटा उल्कावीर नखशिखांत तूच आहेस. गुपचूप एवढी तालीम केलीस, मानलं तुला!”

“मग खरा उल्कावीर?” काकूंनी भाबडेपणाने विचारलं.

“तो यंत्राचा! याचा कॅमेऱ्यासमोरचा चांगुलपणा वर्षभरात पाठ झालाय त्याला.”

लोक हसले, टाळ्या वाजल्या. कुणाला काही कळलं नव्हतं. दिव्याखाली अंधार असतो, तो असा. मंडळी चपला शोधू लागली. देवदत्त दारात उभा राहून एकेकाला हसून निरोप देत होता आणि रेवती उरलेली माणसं मोजत होती. आज तो चारचौघांत उघडा पडता पडता राहिला होता. याचं उट्टं कुणावर निघणार, हे तिला ठाऊक होतं.

शेवटी काकू आणि ओजस तेवढे राहिले. तेव्हा मुक्ता उठली आणि तिने काकूंचा पदर धरला.

“काकू, तुम्हालाही त्याची भीती वाटली?”

“वाटली की गं. अंगावर काटा आला.”

“मोठ्या माणसांनाही वाटते?”

काकू हसणार होत्या. पण त्यांनी पोरीचा चेहरा पाहिला, मग रेवतीचा, आणि त्यांचं हसू ओठांतच राहिलं.

“मुक्ता,” दारातून मऊ आवाज आला, “आत जा.”

काकूंनी चमकून वर पाहिलं. हा आवाज त्यांनी आत्ताच ऐकला होता. ओजस त्यांच्या मागे लपला.

“ती कुठेही जाणार नाही,” रेवती म्हणाली. शब्द बाहेर पडले होते आणि आता ते परत घेता येत नव्हते.

देवदत्तने दारावर हात ठेवला.

मुक्ताने पदर आणखी घट्ट पकडला. “काकू, मग आज तुम्ही आमच्याकडेच राहाल?”