चारशे बारावा माठ

अरबी समुद्रात वादळ जन्मण्याआधीच त्याची चाहूल घेणारं केंद्र रत्नागिरीच्या दक्षिणेला एका कड्यावर उभं होतं. मे महिन्यात तिथे सगळ्यात तापणारा विषय म्हणजे एसी किती अंशांवर ठेवायचा. संचालक डॉ. फाटक बावीसवर अडून बसत आणि कुंदा भाटकर शाल पांघरून निषेध नोंदवी. चोवीस वर्षं अंदाज वर्तवण्यात घालवल्यामुळे तिचा स्वभाव शांत झाला होता. चुकलेल्या अंदाजाचं खापर आपल्यावर फुटतं आणि बरोबर आलेल्याचं श्रेय यंत्राला जातं, हे तिने कधीच मान्य करून टाकलं होतं.

त्या दिवशी सकाळी मात्र तिचं चहाकडे लक्ष नव्हतं. पडद्यावर लक्षद्वीपच्या उत्तरेला ढगांचा एक पुंजका कालपासून रेंगाळत होता, आणि आज त्याला किंचित बाक आला होता. झोपलेलं मांजर अंगाची कमान करतं, तेवढाच.

"सर, हे उठेल असं वाटतंय."

"वायुवेध काय म्हणतो?" फाटकांनी विचारलं. वायुवेध म्हणजे केंद्राचा महासंगणक. फाटक त्याचं नाव घरच्या जावयासारखं घेत.

"शक्यता चार टक्के."

"मग झालं! हे बघा, उपग्रहाला समुद्राची फक्त साय दिसते. वादळाला नुसती साय पुरत नाही, खाली चांगलं पातेलंभर ऊन पाणी लागतं. ते मोजायला आपण यंदा चारशे बारा मच्छीमार बोटींवर खोलतापी बसवले. सगळे सांगतायत, खाली पाणी गार आहे. कुठे पंचवीस अंश, कुठे अठ्ठावीस. नेहमी तीसच्या वर असतं."

"सगळे नाहीत, सर. २१७ क्रमांकाची बोट एकतीस सांगतेय."

"ती बाद," फाटक समाधानाने म्हणाले. "शेजारसाक्ष!"

शेजारसाक्ष हा फाटकांचाच शोध. समुद्रात प्रत्येक यंत्र तपासायला कोण जाणार? म्हणून वायुवेध प्रत्येक आकड्याला त्याच्या शेजाऱ्यांची साक्ष विचारी. शेजारी हो म्हणाले तर आकडा खरा, नाहीतर सदोष. फाटकांच्या सोसायटीच्या बैठकाही याच तत्त्वावर चालत आणि तिथे आजवर कुणी खोटं ठरलं नव्हतं, फाटकांच्या विरोधात गेलेले दोघे सोडून.

"चारशे अकरा साक्षीदार एकीकडे आणि हा एकटा दुसरीकडे," फाटक म्हणाले. "कुणावर विश्वास ठेवाल?"

कुंदाने पडद्यावरचा २१७चा ठिपका मोठा करून पाहिला. २१७ ही तिच्या धाकट्या भावाची, दिगंबरची बोट होती. तो तांडेल, म्हणजे बोटीचा कर्ता, आणि त्याच्याबरोबर नऊ खलाशी. मासेमारी बंद व्हायला आठवडा उरलेला, म्हणून झाडून सगळ्या बोटी बाहेर होत्या. ढग उठलाच तर त्यांना परतायला सतरा-अठरा तास हवे होते. इशारा आज दुपारपर्यंत गेला तर उपयोग, नाहीतर शोकसंदेशच.

तिने उपग्रह फोन उचलला.

"दिगू, तुझा खोलतापी कुठे आहे?"

पलीकडे इंजिन धडधडत होतं. दिगंबर ओशाळून म्हणाला, "आक्का, ओरडू नको हां. समुद्रात आहे."

"समुद्रात नाही तर कुठे असणार?"

"माठात. सगळ्यांचा माठातच असतो. आमचा माठ परवा फुटला, म्हणून तात्पुरता बाहेर सोडला. मुंबईच्या मुख्य कचेरीला कळवू नको, आजच दुसऱ्या बोटीवरून एक माठ मागून आणतो."

कुंदाने शाल नीट केली. "माठात का रे?"

"अगं, बाहेर लोंबकळत ठेवला की जाळ्यात गुरफटतो. तुटला की सात फॉर्म भरा, वर फोटो द्या, त्यात तुटलेलं यंत्र हसऱ्या तोंडाने धरा. तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय, 'यंत्र सदैव पाण्यात बुडालेले असावे.' कुठल्या पाण्यात, ते लिहिलंय का? बबन तांडेलाने युक्ती काढली, वायरलेसवरून सगळ्यांना सांगितली."

चारशे अकरा बोटी म्हणजे चारशे अकरा पिण्याच्या पाण्याचे माठ. साक्षीदार सगळे खरं बोलत होते, फक्त समुद्राबद्दल बोलत नव्हते.

"आणि माठाचं आता काही खरं नाही," दिगंबर पुढे म्हणाला. "बबनच्या बोटीवर पाणी प्यायलो. परवापासून गारच लागत नाही. नवाकोरा माठ, पण पाणी कढवल्यासारखं."

कुंदाने फोन ठेवला आणि फाटकांना सगळं सांगितलं. फाटकांनी आयुष्यात प्रथमच एसी बंद केला.

"सगळी आकडेवारी रद्द," ते क्षीण आवाजात म्हणाले. "समिती उद्या अकराला बसवू."

"रद्द नका करू, सर. माठातलं पाणी गार कसं होतं?"

"पाझरतं, पाझरलेलं हवेत उडून जातं, जाताना उष्णता घेऊन जातं. हे काय विचारणं झालं?"

"आणि हवा आधीच ओलीचिंब असेल तर?"

"तर उडणार नाही. गार होणार नाही." फाटक थांबले. "अरेच्चा."

"हवा कोरडी असली की वादळ पाळण्यातच विझतं. पाणी ऊन आहे हे दिगूच्या आकड्यावरून कळतंय. हवा किती ओली आहे, हे आपल्याला भर समुद्रात चारशे अकरा ठिकाणी कळतंय. असं जाळं जगात कुणाकडे नाही, सर."

तिने आकडे नकाशावर मांडले. उत्तरेकडचे माठ गार होते. ढगाच्या भोवतीचे चाळीस माठ दोन दिवसांत अडीच अंशांनी तापले होते आणि त्यांचं नीट गोल कडं झालं होतं. कुणी हाताने काढलं असतं तरी इतकं गोल आलं नसतं.

फाटकांनी चष्मा पुसला. "इशाऱ्याच्या अर्जात आधाराचा रकाना असतो. तिथे काय लिहायचं?"

"माठ," कुंदा म्हणाली, आणि लिहून सही केली. पावणेबारा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारशे बारा बोटी बंदरात दाटीवाटीने उभ्या होत्या. संध्याकाळी वादळ उठलं, समुद्राची यथेच्छ घुसळण केली आणि रिकाम्या पाण्यावरून ओमानकडे निघून गेलं. दिगंबर केंद्रावर बांगडे घेऊन आला आणि फाटकांनी ते एसीखाली बसून खाल्ले.

मग खात्याला जाग आली. माठ हे मान्यताप्राप्त साधन ठरलं, त्याचं 'घटबाष्पमापी' असं बारसं झालं आणि वायुवेधला शिकवण्यात आलं, की घट गार तर हवा कोरडी, घट ऊन तर धोका. पुढच्या मे महिन्यात प्रत्येक बोटीला सरकारी घट मिळाला. मातीचा फुटतो, अशी तक्रार आल्यामुळे समितीने सर्वानुमते तो स्टीलचा केला.

स्टील पाझरत नाही, हे समितीत कुणी बोललं नाही. एकाला शंका आली होती, पण शेजारच्या सदस्यांना आली नव्हती.

वादळांच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी बोटी निघायच्या तयारीत असताना वायुवेधने लाल अक्षरांत जाहीर केलं: सर्वत्र अतिआर्द्र हवा, महावादळाची शक्यता ब्याण्णव टक्के. चारशे अकरा घट तीस अंशांवर, एकमुखाने. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: २१७ क्रमांकाचा घट पंचवीस अंश, शेजाऱ्यांची साक्ष नाही, सदोष.

फाटक धावत आले. "सगळं बंदर थांबवायचं?"

कुंदाने शाल सावरून फोन लावला.

"दिगू, सरकारी घट कुठे आहे?"

"त्यात तांदूळ ठेवलेत, आक्का. ओरडू नको हां."

"आणि पाणी कशात पितोस?"

"मातीच्याच माठात. खोलतापी पण त्यातच आहे."

"कसं लागतंय?"

पलीकडून तांब्या बुडाल्याचा आवाज आला, मग तीन-चार घोट.

"गार."

कुंदाने लाल इशारा पुसला आणि आधाराच्या रकान्यात लिहिलं: २१७, सदोष.