एकाच टेबलावर बोलणारी पेटी

रविवारची ताटं मांडून झाली होती आणि जावईबापूंच्या पोटात कावळे ओरडत होते. धाकट्या मेहुण्याचा पत्ता नव्हता. बायकोने त्याला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

"उचलत नाही म्हणजे येत नाही असं धरू आणि बसू," जावईबापूंनी सुचवलं.

"उचलत नाही म्हणजे गाडी चालवत असेल," सासूबाई म्हणाल्या. "येणार नसेल तर तसं सांगेल, मग खुशाल बसा. जरा थांबून पुन्हा लावा."

सासूबाई खाजगी तपासाचं काम करत. सुट्टीच्या दिवशी जावईबापू त्यांची गाडी चालवत, पिशवी धरत आणि चुकीचे अंदाज बांधत. सासूबाई त्यांना मदतनीस म्हणत, बायको हमाल म्हणे. त्यांना दोन्ही चालायचं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेहुणा नव्हता. रुमालात गुंडाळलेली चपटी पेटी घेऊन एक काटकुळे गृहस्थ उभे होते. त्यांचा छोटा कारखाना होता आणि तिथे सगळे त्यांना मामाच म्हणत. अंध मुलांच्या शाळेसाठी धडे वाचून दाखवणाऱ्या पेट्या ते बनवत. नवी खेप उद्या शाळेत पोचवायची होती आणि त्यातली एकही पेटी तोंड उघडत नव्हती.

"एका जागी मात्र बोलते," मामा म्हणाले. "माझ्या भाचीच्या टेबलावर. दुसऱ्या कंपनीने तिला बोलावलंय. जाता जाता माझं नाक कापायचं ठरवलंय तिने. पुरावा द्या, म्हणजे बहिणीला तोंड दाखवता येईल. संध्याकाळी मी तिला कामावरून काढणार आहे."

जावईबापूंना वाईट वाटलं, आणि ताटाकडे बघून आणखी वाईट वाटलं.

कारखाना म्हणजे एक लांबट, लख्ख खोली. जिथे कपाट असायला हवं तिथे नुसती भिंत होती. त्या भिंतीवर रंग न उडालेला एक गोल डाग दिसत होता. इथे काय होतं, असं सासूबाईंनी विचारलं. घड्याळ होतं, मामा म्हणाले, पण प्रत्येकाच्या हातात फोन असतो, मग ते हवं कशाला? नसलं तरी चालतं ते ठेवायचं नाही, असा त्यांचा खाक्या होता. नवी पेटीही त्यांनीच आखली होती. जुनी दोन हातांनी धरावी लागे, ही मुलांच्या तळव्यात मावते, हे सांगताना तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा उजळला.

पहिली पाळी जोडणीताईंची आली. पेटीतले सुटे भाग डाग देऊन जोडायचं काम त्यांचं. नकाशात असेल ते जोडते, नसेल ते जोडत नाही, त्यांनी सरळ सांगितलं. या खेपेचं काम हलकं होतं, नेहमीपेक्षा लवकर उरकलं.

"जुन्या पेट्यांची काही तक्रार?" सासूबाईंनी विचारलं.

जुन्या पेट्या कधीकधी पहिल्यांदा चालू केल्यावर गप्प राहत. बंद करून पुन्हा चालू केल्या की बोलत. शाळेतल्या मुलांना ती खोड आता पाठ झाली होती.

"पेटी सवयीची झाली की बोलते तर," जावईबापू म्हणाले. सासूबाई भाचीच्या टेबलाकडे वळल्या.

भाची आपल्या टेबलाशी बसली होती. तिचा कप, रुमाल आणि चष्म्याचं घर एका पिशवीत आधीच भरलेलं होतं. डोळे लाल होते, पण आवाज ठाम होता.

तिने पेटीचा ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हटल्यावर जावईबापूंच्या डोळ्यांसमोर स्टिअरिंगवर बसलेला माणूस आला. पेटीतल्या चिपला बोलतं करणारा तो छोटा प्रोग्राम असतो, हे भाचीने न हसता समजावून सांगितलं. आवाज काढायला चिपला एकसारखा ठेका लागतो, त्याला ती क्लॉक म्हणत होती. हा ठेका शेजारी बसवलेल्या एका चकचकीत क्रिस्टलकडून घेता येतो किंवा चिप स्वतःही धरू शकते.

"बाहेरचा जास्त पक्का असतो, म्हणून माझा ड्रायव्हर आधी तोच मागतो," ती म्हणाली.

"आणि नाही मिळाला तर?"

"मिळतोच की. इथे कधी चुकला नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मग टेबलावरच्या लाकडी चौकटीबद्दल विचारलं. ती भाचीनेच केली होती, अगदी सुरुवातीला, पेटी नव्हती आणि नुसती सुटी चिप हातात होती तेव्हा. तेव्हापासून प्रत्येक पेटी याच चौकटीत बसवून ती तपासायची. पेटीला पडदा नाही, त्यामुळे काय बिघडलं ते बघायला पेटी इथेच लावावी लागते.

"आणि इथे लावली की ती ठणठणीत," भाची म्हणाली. "मी तरी काय करू?"

सासूबाईंनी तिला बाहेर व्हरांड्यात पाठवलं, स्वतः मुकी पेटी चौकटीत बसवली आणि बटण दाबलं. पेटीतून भाचीचाच हसरा आवाज आला: "ऐकू येतंय का, मामा?" चाचणीसाठी तिने पहिल्या दिवशी भरलेलं ते वाक्य होतं. मामांनी तोंड फिरवलं.

जावईबापू चौकटीवर वाकले. कोपऱ्यात नखाएवढा चांदीच्या रंगाचा तुकडा होता आणि त्यातून एक पिवळी तार पेटीखाली गेली होती. शोभेला लावलंय वाटतं, ते म्हणाले.

"जावईबापू, आज तुम्ही दृष्ट लागण्यासारखं काम केलंत," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा."

सगळे टेबलाभोवती जमले. सासूबाईंनी पिवळी तार उपटली आणि पेटी पुन्हा चालू केली. भाचीच्याच टेबलावर, भाची समोर उभी असताना, पेटी मुकी राहिली.

"भाची बाहेर होती तेव्हा पेटी बोलली, म्हणजे करामत माणसाची नाही, जागेची," त्या म्हणाल्या. "चौकटीत असं काय आहे जे या पेटीत नाही? सुट्या चिपला ठेका कुठून मिळणार, म्हणून हिने चौकटीतच क्रिस्टल बसवला, आणि पुढे विसरली. जुन्या पेट्यांना स्वतःचा क्रिस्टल होता, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या खेपेचं काम लवकर उरकलं, कारण भाग कमी होते. मामा, कोणता भाग काढलात?"

मामांचा चेहरा उतरला. "क्रिस्टल. चिप स्वतः ठेका धरते. नसला तरी चालतो."

"भिंतीवरच्या घड्याळासारखा. चिपला चालतो हो, पण ड्रायव्हरला कुणी सांगितलं? तो बाहेरचा ठेका मागतो आणि मिळाला नाही की रुसून बसतो."

"न मिळाल्यावर काय करायचं, ते मी लिहिलंच नाही," भाची कपाळावर हात मारत म्हणाली. "जुन्या पेट्याही म्हणूनच गप्प बसायच्या. त्यांचा क्रिस्टल जागा व्हायला कधीकधी उशीर लावतो."

"मग ठेका मागायचाच नाही," जावईबापू म्हणाले. "मिटलं."

"म्हणजे पाहुणा वाटेत असताना तुम्ही जेवून उठणार. 'नाहीच' असं उत्तर आलं तर चिपने स्वतःच्या ठेक्यावर सुरू करायचं. 'येतोय' असं आलं तर थांबून पुन्हा विचारायचं. 'बिघडलंय' असं आलं तरच थांबायचं, आणि का थांबलो ते सांगायचं."

भाची कामाला बसलीसुद्धा होती. तिची बोटं भराभर चालत होती.

"पण तू मला विचारायचंस तरी, की भाग काढलाय का," मामा पुटपुटले.

"विचारणार कसं? माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हतात तुम्ही. त्या कंपनीला मी केव्हाच 'येत नाही' म्हणून कळवलंय, मामा. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पेटीची आणि मालकाची खोड एकच," सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि भाचीच्या पिशवीतला कप काढून त्यांनी तो टेबलावर जागच्या जागी ठेवला.

नवा ड्रायव्हर पेटीत भरून झाला. भाचीने पेटी चौकटीतून काढली आणि मामांच्या तळव्यावर ठेवली. ना तार, ना चौकट. मामांनी अंगठ्याने बटण चाचपलं. त्यांनी ते दाबलं.

"ऐकू येतंय का, मामा?"

"येतंय गं," मामा पेटीकडे न बघता भाचीकडे बघून म्हणाले. "आता येतंय."

जावईबापूंनी सासूबाईंची पिशवी उचलली आणि नाक ओढत बाहेर येऊन घरी फोन लावला. तो वाजत राहिला. जरा थांबून त्यांनी तो पुन्हा लावला.