फ्रिजमधली सफरचंदं

"आईला आत येऊ देऊ नकोस, वहिनी!" असं म्हणत नणंदेनं स्वयंपाकघराची कडी लावली, खट्टकन... आणि तो आवाज वहिनीच्या काळजातून आरपार गेला.

"अहो ताई, घर त्यांचं आहे..."

"असू दे. माझ्या लग्नाच्या फुलांना तिचा हात लागला, तेवढा पुरे झाला. लेकीच्या फुलांना नको!"

दाराबाहेर सासूबाईंची काठी दोन पावलं पुढे आली होती, ती थबकली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बस्स. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी हूं नाही की चूं नाही! एरवी जिच्या एका हाकेनं गल्लीतली मांजरंसुद्धा रांगेत उभी राहायची, ती!

उद्या सकाळी नणंदेच्या मुलीचं, चिमणीचं लग्न. फुलं विकतची नकोत, घरीच करायची आणि मामीनंच करायची, असा तिचा हट्ट. मामी लग्नाआधी फुलांच्या दुकानात कामाला होती ना! त्यामुळे आज घरात पाय ठेवावा तिथे बादली. अंघोळीला जायचं तर गुलाबांची परवानगी काढावी लागत होती, आणि मामा बिचारे सकाळपासून चहाचं भांडं शोधत होते, ते कार्नेशनच्या पोटाखाली सापडलं.

"मामी, दांडे सगळे एकाच बाजूला तिरके?" चिमणीनं विचारलं.

"हो गं. एक जरी उलटा गेला की गुच्छाची कंबर मोडते," वहिनी म्हणाली. हात आपोआप चालले होते, खालची पानं काढ, दांडा पाण्यातच तिरका काप, पुढचा घे... पण मन? मन तेवीस वर्षं मागे, त्याच जुनाट फ्रिजच्या दाराशी जाऊन उभं होतं.

तेव्हाही अशाच बादल्या होत्या. नणंदेचं लग्न. फुलं वहिनीनंच बांधली होती, पांढऱ्या कार्नेशनचा, नवरीच्या हातातला असा गुच्छ, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी! गुच्छ फ्रिजमध्ये ठेवून ती वळली, तर बाहेरच्या खोलीत नणंद मैत्रिणींना सांगत होती, "आमची वहिनी म्हणजे दुकानातल्या गुच्छावर फुकट मिळालेली रिबीन!" सगळ्या खिदळल्या. वहिनीला वाटलं, धरणी दुभंगावी...

संध्याकाळी तिनं फ्रिज उघडला, तर गुच्छाला खेटून सफरचंदांची टोपली! पाहुण्यांसाठी गार व्हावीत म्हणून सासूबाईंनी ठेवलेली. फुलांच्या दुकानात पहिल्याच दिवशी शिकवतात, पिकलं फळ फुलांशेजारी ठेवायचं नाही. फळाच्या वाफेनं फुलं अवेळी म्हातारी होतात. वहिनीचा हात टोपलीकडे गेला... आणि मोकळाच परत आला. तिचं तिनं बघावं, असं म्हणून तिनं दार लावलं. काढू नंतर, असंही मनाला सांगितलं. मग विसरली का? छे! दर अर्ध्या तासानं आठवत होतं. नुसतं आठवत होतं!

सकाळी कार्नेशन मिटून गेली होती, बोळक्या तोंडासारखी आत वळलेली. "फळांशेजारी ठेवली की अशीच मरतात," कुणीतरी म्हणालं. नणंद मोकळ्या हातांनी बोहल्यावर चढली. एकेका फोटोत बघावं, तर त्या हातांना कळतच नाहीये कुठे जावं ते! आणि सासूबाईंना जावई पसंत नव्हता हे तर जगजाहीर. "आई, तू मुद्दाम केलंस!" असं म्हणून नणंद जी गेली, ती पुढे माहेरी आली तरी पोस्टमनसारखी. दहा मिनिटं, पर्स मांडीवर, पाणीसुद्धा उभ्यानं.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. वहिनीही नाही. तेवीस वर्षं तिनं सासूचं पथ्यपाणी केलं, पाय चेपले, दवाखाने केले. लोक म्हणायचे, "सून असावी तर अशी!" आणि प्रत्येक वेळी ती उठून भांडी घासायला घ्यायची...

इतक्यात बंद दाराच्या फटीतून बारीक आवाज आला, "सूनबाई... फ्रिजमध्ये फळ नाही ना गं? एकदा बघून घे हो."

वहिनीनं कात्री खाली ठेवली.

"ताई, ते मी केलं होतं!" ती एकदम म्हणाली, आणि मग थांबवता येईना. "सफरचंदं आईंनी ठेवली, पण त्यांना काय माहीत! मला माहीत होतं. मी बघितली आणि दार लावून घेतलं... तुम्ही रिबीन म्हणालात म्हणून! तुमची आई तुमच्यापासून मी तोडली हो, मी!"

चिमणीच्या हातातलं फूल हातातच राहिलं. नणंदेनं कडी काढली. दारात सासूबाई बसल्या होत्या.

"आई, ऐकलंस?"

"मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली. "मी मागेच उभी होते. हिचा हात आत गेलेला पाहिला, मोकळा बाहेर आलेला पाहिला. तेव्हा अर्थ नाही लागला. सकाळी ही फुलांकडे न बघता सफरचंदांकडे बघून रडली, तेव्हा लागला."

"मग बोलला का नाहीत?" वहिनीनं त्यांच्या पायाशी बसत हंबरडा फोडला. "तेवीस वर्षं, आई!"

"लेक रुसली तरी लेकच राहते गं. सुनेला एकदा घरानं दूर लोटलं, की ती बिचारी कुठे जाणार? आणि..." त्यांनी काठी भिंतीला टेकवली, "ते रिबिनीचं ऐकून मीही हसले होते. माझ्याच घरात, माझ्याच सुनेला. मग मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?"

नणंद वहिनीला म्हणाली, "तुला मी इतक्यात माफ करणार नाही, सांगून ठेवते." तिनं नाक ओढलं. "आणि तूही मला करू नकोस. रिबीन म्हणाले होते मी... आठवतंय मला." मग ती वळली आणि अर्धा बांधलेला गुच्छ उचलून आईपुढे धरला. "गाठ मारायची आहे. बोट ठेव इथे. घट्ट."

सुरकुतलेलं बोट रिबिनीवर टेकलं. नणंदेनं त्यावरून गाठ ओढली, आणि आईचं बोट सोडवायचं विसरूनच गेली...

उरलेल्या पांढऱ्या कार्नेशनचा एक छोटा गुच्छ वहिनीनं न बोलता बांधला आणि नणंदेच्या हातात दिला. तिनं घेतला. त्या हातांना आता कुठे जायचं ते कळलं होतं.

"माझं एक काम करा," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कुणीतरी मला एक सफरचंद द्या. तेवीस वर्षं तोंडाला लावलं नाही मेलं!"

"दात तरी आहेत का तुला?" नणंद म्हणाली, आणि पर्स बाजूला ठेवून सुरी शोधायला लागली. "थांब. चिरून देते."