एकच खादा

टोपी दरीत उडाली आणि मीनूने भोकाड पसरलं. वाटेला कठडा नव्हता, सारी चढण माझा जीव त्याच धास्तीने अर्धा झालेला. तिला कडेवर आवळून मी खाली बघत होते, तोच खालच्या वळणावरून एक जण ती चिमुकली लाल टोपी स्वतःच्या डोक्यावर ठेवून वर आला.

"मला होत नाही," तो मीनूला गंभीरपणे म्हणाला. "तू घालून बघ."

मीनू रडता रडता हसली. तो माधव. कलकत्त्यातल्या बेहाल्याचा, जन्मही तिथलाच. गोंपातला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध मठातला, मुखवट्यांचा नाच बघायला निघालेल्या आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळाच्या टोळीत तो मागे पडला होता. पुढे मात्र सारखा माझ्या मागेच.

मी घडोघडी मीनूचे हात गरम आहेत का ते बघायची.

"आणि तुमचे कोण बघतं?"

मी हात शालीत लपवले. माझा नवरा श्रीकांत गेल्यापासून असं कुणी विचारलं नव्हतं... सासऱ्यांनी तेवढं शांतपणे सांगून ठेवलं होतं, पुन्हा लग्न करायचं तर जरूर कर, नात आमच्याकडे राहील. तेही मी त्याला सांगून टाकलं.

गोंपाच्या अंगणात लांब शिंगं घुमली. एक भेसूर मुखवटा गिरक्या घेत पुढे आला आणि मीनू माझ्या मांडीवरून थेट माधवच्या गळ्यात. तिथेच झोपली.

नंतर दर्शन. आपण पांढरा रेशमी खादा लामांपुढे धरायचा, ते तोच उपरण्यासारखा आपल्या गळ्यात घालतात. म्हाताऱ्या लामांनी माझा खादा घेतला, माधवच्या खांद्यावरच्या मीनूकडे पाहिलं... आणि एक टोक माझ्या खांद्यावर टाकलं, दुसरं त्याच्या.

"सांगा ना त्यांना, चूक झाली म्हणून," तो कुजबुजला.

"तुम्ही सांगा."

कुणीच सांगितलं नाही. खादा घसरू नये म्हणून पावलं जुळवत आम्ही अंगणाबाहेर आलो.

परतीच्या गाडीत त्याने लग्नाचं विचारलं. मीनूसाठी कोर्टात भांडू, म्हणाला.

"आणि हरलो तर?"

तो झोपलेल्या मीनूकडे बघत राहिला. खोटं बोलला असता तर कदाचित मी हो म्हटलं असतं.

सियालदा स्टेशनवर श्यामराव, माझे सासरे, उभेच होते. मीनू "आजोबा" म्हणत धावली. तेवढ्यात मी खादा माधवच्या हातात दिला.

"घरी दिसला तर विचारतील."

"काय सांगाल?"

"चूक झाली म्हणून."

त्याने दोन्ही टोकं आपल्याच गळ्याभोवती घेतली आणि गर्दीत शिरला.

"या उकाड्यात गळ्याला गुंडाळून... कोण गं तो?" श्यामरावांनी विचारलं.

"असेल मंडळातला कुणी."

मी मीनूचे हात हातात घेऊन पाहिले. गरम होते. माझे मी पदराआड घेतले.