कोणीतरी बोट लावून बघतं

मुलांनो, डोळे उघडेच ठेवा, पण एक खोली मनात आणा. खोलीला एकच खिडकी. तिच्यातून ऊन आत येत नाही, उजेड मात्र दिवसभर रेंगाळतो. पलंगावर एक मुलगा पडलाय. लांबलेल्या तापानं तो इतका खंगलाय, की त्याला आपली आपण कूससुद्धा बदलता येत नाही. घरात त्याला धाकटा म्हणतात आणि त्याच्या बहिणीला मोठी. मोठी म्हणजे फार मोठी नव्हे, तुमच्याएवढीच.

त्याला बघायला आत्या आली, ती फर्नची कुंडी घेऊन. आत्या रोपवाटिकेत कामाला होती.

"फळं काय, सगळेच आणतात," ती म्हणाली. "मोठे, हे झाड म्हणजे गरीब गाय. मातीत बोट खुपसून बघायचं. कोरडी लागली तर पाणी, ओली लागली तर गप्प बसायचं. पानांवर अधूनमधून फवारा. आणि कुंडी जरा जरा फिरवत राहा, नाहीतर उजेडाकडे कलून वाकडं होईल, तुझ्या बाबांच्या मानेसारखं."

"माझी मान सरळच आहे!" बाबा आतून ओरडले.

मोठीनं कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. एके दुपारी तिनं ती थोडी फिरवली आणि धाकट्यासाठी दूध घेऊन गेली. मघाशी भिंतीकडे असलेलं त्याचं तोंड आता खिडकीकडे होतं. पांघरुणाला एक चुणी नव्हती.

"आई, याची कूस तू बदललीस?"

"मी आत्ता पाऊल टाकतेय घरात," आई चपला काढत म्हणाली. "लोळला असेल."

पुढे एकदा ती फर्नवर फवारा मारून आली, तर त्याच्या कपाळावर, पापण्यांवर बारीक थेंब दिसले. "घाम आलाय, ताप उतरतोय," आई म्हणाली. मोठीनं हात लावून पाहिला. घाम कोमट असतो. हे थेंब गार होते. आणि मानेखालची उशी कोरडी ठणठणीत होती.

त्या दिवशी धाकट्यानंच विचारलं, "ताई, तू सारखी बोट का लावतेस गं?"

"कुठे?"

त्यानं छातीच्या मधोमध हात नेला. तिथे लहानसा गोल वळ होता. "इथे. दाबून बघतेस, मग पाणी देतेस."

"मी नाही रे."

"मग कोण?"

मोठीनं त्याच्या सदऱ्याचं बटण लावलं.

पण धाकटा सुधारत होता! गालांवर रंग आला, तो भात मागून खाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, "काय जादू केलीत हो?" आई किती तरी दिवसांनी हसली. मोठीनं तोंडाला कुलूप घातलं. सांगितलं आणि हे सगळं थांबलं तर? ती फर्नला जिवापाड जपू लागली. फर्नही फोफावला. गुंडाळलेले कोंब लहान मुठींसारखे एकेक उघडत होते.

मग तिनं एक पिवळं पान कात्रीनं बुडाशी कापलं. संध्याकाळी आई धाकट्याचे केस विंचरताना थबकली. कानामागची एक बट गायब होती, अगदी मुळाशी कापलेली. "कात्रीशी खेळलास ना?" आई त्याला रागावली. मोठीनं कात्री कपाटावर ठेवली आणि पुन्हा काढली नाही.

सुट्टीच्या दिवशी आत्या दोन नव्या कुंड्या घेऊन आली.

"अगंबाई, काय माजलाय बघ! मुळांनी कुंडी भरली. आता याचे दोन भाग करू. एक तुला, एक मी नेते."

"नको ना, आत्या. चांगलाय की तो."

"चांगला झाला म्हणूनच. नाहीतर कोंडून मरेल तो."

तिनं स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी धरली आणि बुडावर थापट्या मारल्या. ठप. ठप.

"ताई," आतून धाकट्याची हाक आली, "माझा पलंग कोण वाजवतंय?"

"तुझे बाबा असतील," आत्या हसली.

बाबा तर बाहेर गेले होते.

आत्यानं सुरी उचलली.

मोठीनं झडप घालून कुंडी ओढली, सरळ केली आणि दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळली. माती फ्रॉकवर सांडली.

"अगं, वेड लागलं का तुला?"

"ताई," धाकटा आतून म्हणाला, "एवढं घट्ट नको ना धरू."

आत्याची सुरी तशीच हातात राहिली. मोठीनं मिठी हळूहळू सैल केली.

आतून पुन्हा धाकट्याचा आवाज आला.

"तू सोडलंस, ताई. बोट लावणाऱ्यानं नाही सोडलं."

मोठीनं कुंडी पुन्हा पोटाशी घेतली, पहिल्यापेक्षा घट्ट, जणू त्याच्या हातून भावाला ओढून घेत होती, आणि ती तशीच भावाच्या खोलीकडे चालू लागली.