तीन शिट्ट्यांची खूण

विश्वास ठेवायचा तर ठेवा, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या उमाजी मामांवर हे बेतलंय.

गेल्या जानेवारीतली शुक्रवारची संध्याकाळ. सावली तालुक्यातली एक राईस मिल. नाव सांगत नाही.

मामा पुढच्या गेटवर गार्ड, दिनेश मागच्या. मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यापुढे जंगल. दोघांची खूण ठरलेली. दर अर्ध्या तासाने मामांनी एक शिट्टी मारायची. दिनेशच्या दोन आल्या की सगळं ठीक. तीन आल्या की धावत ये.

साडेपाचला मामांनी शिट्टी मारली.

तीन आल्या...

मामा उठले आणि तिथेच थबकले. गेट सोडलं की नोकरी गेली, असा कंपनीचा नियम. आणि खरं सांगायचं तर, त्या बाजूला वाघ फिरत होता. त्यांनी पोलीस चौकीत फोन लावला.

"साहेब, मागं काईतरी झालं. या ना लवकर."

"गार्ड तू हायस का मी?" हवालदार हसला. "पाहून ये अन् सांग मले."

पोलिसाच्या काठीमागे सरकार असतं, गार्डच्या काठीमागे फक्त गार्ड. त्या दिवशी दोन्ही काठ्या कोपऱ्यातच राहिल्या.

मामांनी भीत भीत पुन्हा शिट्टी मारली.

दोन आल्या...

त्यांचा जीव भांड्यात पडला. सहाला दोन. साडेसहाला दोन.

सातला रात्रपाळीचा गार्ड आला, तेव्हा कुठे मामा मागे गेले.

दिनेश भिंतीला टेकून बसला होता. अंगावर ओरखडा नाही. अंग गार पडलेलं. शिट्टी मुठीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, साडेपाचच्या सुमारास. लगेच कोणी पोचलं असतं तर...

मग त्या दोन-दोन शिट्ट्या कोणाच्या?

हवालदाराने दिनेशची शिट्टी जप्त केली, पाकिटात सील करून चौकीच्या कपाटात ठेवली.

तेरवीनंतर मामा कामावर गेले. साडेपाचला सवयीने शिट्टी मारली. मागून काहीच आलं नाही.

फोन वाजला. हवालदार होता. आज हसत नव्हता.

"उमाजीभाऊ... कपाटातून शिट्टी वाजून राह्यली."

"किती?"

"तीन..."

मामांनाही फोनमधून ती ऐकू आली.

"उघडून पाहा ना, साहेब!"

"मी एकटाच हाय इथी. तुम्हीच या ना, भाऊ."

"गेट सोडता येत नाई मले."

दोघंही फोन धरून बसले. कोणीच उठलं नाही.

थोड्या वेळाने त्या तीन शिट्ट्या थांबल्या.

मग, अगदी शांतपणे... दोन आल्या.

मामा अजूनही म्हणतात, "तीनचं भेव नाई वाटत मले. दोनचं वाटते."